बार्बेरीची बेगमी

पिनर,
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय मीनल हिस,
वरदाचा स. न. वि. वि. विनंती खाली येतेच आहे. विशेष काही नाही. विशेष घडायला या घरात कुणाच्या अंगात त्राण उरलेलं नाही.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात मी तुला 'आता माझ्याच्याने होत नाही' असा मेसेज पाठवला, तो तुझ्या भावाच्या आयपॅडवरही उमटला, आणि त्या आयपॅडवर तेव्हा आई मालिका बघत बसल्या होत्या. मालिकेतली सून सासूच्या दुधात काहीतरी कालवत होती, त्यावर माझं वाक्य येऊन बसलं. आईंनी चष्मा पुसला आणि पुढचा भाग लावला. फोनवर बोलावं तर त्या पलीकडच्याच खोलीत असतात. तेव्हा म्हटलं, पोस्टाची पेटी बरी. ती निदान चहा मागत नाही.

तर विनंती. गणपतीत तू म्हणाली होतीस की हिवाळ्यात आईला मी बर्मिंगहॅमला नेते, नोव्हेंबर ते मार्च. ते वाक्य मी सायीसारखं साठवून ठेवलंय. आता लोणी काढायची वेळ झाली. वसंतात त्या जिन्यावरून घसरल्या तेव्हापासून मी घराबाहेर दोन तासांवर राहिलेली नाही, नोकरी सोडली तर. आणि नोकरी तरी कसली, तर जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. दिवसभर लोकांना अपॉइंटमेंट नाही म्हणून सांगायचं आणि घरी येऊन कशालाच नाही म्हणायचं नाही. हरीश मदत करतो. म्हणजे मी दमले की तो मला तू दमलीस असं सांगतो.

आता आईंनी नवा उद्योग काढलाय. आमच्या आणि शेजारच्या पर्वीनबाईंच्या बागांमधलं ते काटेरी कुंपण तुला आठवत असेल, तुझी रेशमी ओढणी ज्यात फाटली होती ते. बार्बेरीचं. पर्वीनबाई इराणच्या, त्यांच्या नवऱ्याने ते हौसेने लावलेलं. तो गेला, कुंपण माजलं, आणि मी ते छाटून टाकायच्या बेतात होते. यंदा ते लालबुंद फळांनी असं लगडलंय की पानं दिसत नाहीत. आईंनी एक फळ तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि जाहीर केलं की हे आमसुलाच्या जातीचं आहे, फुकट जाऊ द्यायचं नाही. रत्नागिरीकडचं माहेर, आंबट दिसलं की हात शिवशिवतात. माझे भांडी घासायचे हातमोजे घालून दोन पातेली फळं तोडून आणली त्यांनी. हाताला काटे लागले नाहीत. हातमोज्यांची मात्र चाळण झाली.

तारीख कळव. लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर गाडी घेऊन ये.
तुझी,
वरदा


बर्मिंगहॅम,
१ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनीस,
मीनलचा वाकून नमस्कार, कंबर धरली आहे तरी.

दारात पाकीट पडलेलं पाहून वाटलं कौन्सिल टॅक्सचं असेल. उघडल्यावर वाटलं, तेच बरं होतं.

मी माझा शब्द विसरलेले नाही. पण तू म्हणतेस तितकं सोपं नाही गं. माझ्या फ्लॅटमध्ये फ्लोअरिंग उखडून ठेवलंय, खालच्या मजल्यावर पाणी झिरपत होतं म्हणून. माणूस येतो, बघतो, मान हलवतो आणि जातो. शिवाय माझ्या ड्युट्या. स्कॅनिंगची रांग इतकी आहे की आता रविवारीही मशीन चालू ठेवतात, आणि मशीनला माणूस लागतंच. दिवसाला बारा तास लोकांना सांगते, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. माझा सोडायचा राहतो.

आईला विचारलंस का? मी फोनवर सहज विचारलं की पलंग उंच लागतो की बुटका, तर म्हणाली, झोप लागेल असा. मग म्हणाली, तुमच्याकडे वाळवण घालायला जागा आहे का. मी म्हटलं बाल्कनी आहे, पण ती उत्तरेला. त्यावर तिने फोन दादाकडे दिला. आणि हे बार्बेरी प्रकरण खायच्या लायकीचं आहे ना, याची खात्री करून घे. इथे आमच्या हॉस्पिटलच्या कार पार्कला असलंच काटेरी कुंपण आहे, पण त्याची फळं पक्षीसुद्धा विचार करून खातात.

दादाला सांग, दमलीस असं सांगण्यापेक्षा स्वतः दमून दाखव.

राग नसावा, असलाच तर तोही पत्रातूनच पाठव, फोनवर नको.
तुझी,
मीनल


पिनर,
१० ऑक्टोबर २०२४

प्रिय मीनल,
स. न. वि. वि. तुझ्या फ्लोअरिंगच्या प्रकृतीला लवकर आराम पडो.

फळं खायची आहेत, काळजी नको. प्रश्न खाण्याचा नाहीच, वाळवण्याचा आहे. आईंनी त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली. फळं ठेचली, रस गाळून बाजूला ठेवला, सालांना मीठ चोळलं आणि काचेच्या कन्झर्व्हेटरीत मलमलच्या कापडावर पसरून वरून दुसरं कापड घातलं. वाळली की पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, जसं आमसुलाचं करतात. आमसुलाला कोकणातलं मे महिन्याचं ऊन असतं हे त्या विसरल्या. इथे ऊन म्हणजे आकाशाने केलेली सूचना. चौथ्या दिवशी कापड उचललं तर खाली हिरवट केसाळ बुरशी, आणि वास असा की हरीशला वाटलं गटार तुंबलं.

आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. एवढं बुरशीचं काय घेऊन बसलात, असं मी म्हणाले, ते म्हणायला नको होतं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला वाळवण जमलं नाही म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. त्यांनी तो सगळा गोळा कंपोस्टच्या डब्यात टाकला आणि कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडून पर्वीनबाईंनी पाहिलं. इतकी वर्षं या दोघींचं संभाषण म्हणजे 'कोल्ड' आणि 'व्हेरी कोल्ड'. त्या दिवशी पर्वीनबाई वळसा घालून थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या, कापडाला लागलेलं मीठ चाखलं आणि कपाळाला हात लावला. आपल्याकडे लावतात तसाच.

मग शिकवणी झाली. मीठ नाही, ठेचायचं नाही, ऊन तर मुळीच नाही. उन्हात रंग जातो. अख्खी फळं काट्याच्या चमच्याने देठावरून ओरबाडायची, धुवायची, टॉवेलवर कोरडी करायची आणि अंधाऱ्या, उबदार, हवा खेळत्या जागी एकाला एक चिकटणार नाही अशी पसरायची. रोज हलवायची. हे सगळं तीन भाषांत आणि मुख्यतः हातांनी. आता अंधारी, उबदार, हवा खेळती अशी या घरात एकच जागा, गरम पाण्याच्या टाकीवरचं एअरिंग कपबोर्ड. तिथले माझे टॉवेल आणि चादरी आता जिन्याच्या लँडिंगवर निर्वासितांसारख्या बसल्या आहेत. त्यांच्या जागी चार ताटं भरून बार्बेरी. टाकी थंड पडू नये म्हणून आई हीटिंगच्या बटणावर जशी नजर ठेवतात तशी त्यांनी हरीशच्या अभ्यासावर कधी ठेवली असेल असं वाटत नाही.

एक सांगते. मला यात एक खोच दिसतेय. वर्षाची बेगमी कोण करतं? जो वर्षभर राहणार तो. जायचं असतं ते माणूस पापड लाटत नाही. मी तुझं नाव काढलं की त्या उठून ताटं हलवायला जातात. मला वाटतं त्यांनी न बोलता उत्तर दिलंय, की मी इथून हलत नाही. तुझ्या आईचं बोलणं मला चौतीस वर्षं कळतंय, न बोलणंही कळतं.

म्हणून तूच तारीख ठरव. मी जा म्हणाले तर ते घालवणं होईल. तू ये म्हणालीस तर ते माहेरपण.

लोभ कमी करू नये, आधीच पुरत नाहीये.
वरदा


बर्मिंगहॅम,
१९ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनीस,
नमस्कार. आज चेष्टा नाही.

शनिवारी, ९ नोव्हेंबरला मी गाडी घेऊन येते. फ्लोअरिंग गेल्या आठवड्यातच झालं, मी तुला कळवलं नाही. कामाची भीती नाही गं मला. मागे आई आली होती तेव्हाचं आठवतं. मी सकाळी सहाला बाहेर पडायचे, रात्री आठला यायचे. ती दिवसभर चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसायची. संध्याकाळी मला सांगायची, पन्नास नंबरची बस आज तीनदा रिकामी गेली. तक्रार नसायची तिच्या बोलण्यात, बातमी सांगितल्यासारखं सांगायची. ती ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचे. तुझ्याकडे निदान तिला भांडायला तू आहेस.

तरी नेते. तू चार वर्षं केलंस, मी चार महिने करीन. तिचा मोठा स्वेटर आणि गोळ्यांचा डबा काढून ठेव.

माझ्या मायेचा हिशेब तू ठेवू नकोस, मी ठेवते आहे आणि तो मला पटत नाही.
मीनल


पिनर,
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मीनल,
स. न. वि. वि., आणि दिवाळीचे आशीर्वाद. वयाने मी तुझ्याहून आठच महिने मोठी, पण मानाने देऊ शकते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. तू येतेस, बस.

मी माळ्यावरून बॅग उतरवली आणि आईंच्या खोलीत नेऊन ठेवली. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, तिच्यावर ताट ठेवायला जागा चांगली आहे म्हणाल्या, आणि खरंच एक ताट ठेवलं. दुसरा घाणा चालू आहे. पहिला उत्तम उतरला. फळं सुरकुतली, गडद झाली, मुठीत घेतली तर चिकटत नाहीत. मनुका घालायच्या ऐवजी त्यांनी दिवाळीच्या चिवड्यात घातली. हरीशने मंडळाच्या फराळाला तो डबा नेला आणि 'आमच्या घरचं' असं सांगून सगळं कौतुक स्वतः घेऊन आला.

पर्वीनबाई आता रोज येतात, नाहीतर आई जातात. काटे टाळून ये-जा करता यावी म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यातली दोन झुडपं हरीशकडून छाटून घेतली. त्या बाईंची बोटं संधिवाताने वाकलीत, त्यांना देठ काढता येत नाहीत. आईंना ताट वरच्या फळीवर उचलता येत नाही. तर एक ओरबाडते आणि दुसरी उचलते, आणि दोघी आपापल्या भाषेत नवऱ्यांबद्दल बोलतात. मला मराठी कळतं म्हणून सांगते, ऐकण्यासारखं असतं.

एक मात्र आहे. फडताळात मी सात बरण्या मोजल्या होत्या, आता दोनच दिसतात. हरीशला विचारलं तर त्याने लगेच गुन्हा नाकारला, म्हणजे थोडं खाल्लं असणार. आईंची ती चौकड्यांची शालही दिसत नाही, आणि उशी. धुवायला टाकली असेल म्हणून मशीनमध्ये पाहिलं, नाही. बॅगेतही नाही, बॅग रिकामीच आहे. विसरायला लागल्या असतील का? तसं असेल तर तुला आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणशील वहिनीने दाखवलं एक आणि दिलं एक.

मी दमले आहे, मीनल. खोटं कशाला बोलू. शनिवारी संध्याकाळी घरात कुणीच नसेल या विचाराने मला आत्ताच झोप यायला लागली आहे.

भेटीअंती लोभ दिसेलच.
वरदा


पिनर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. मीनल आणि चि. सौ. वरदा,
दोघींना अनेक उत्तम आशीर्वाद. एकच मजकूर दोनदा लिहिला आहे. दुसऱ्यांदा हात दुखला म्हणून वरदाच्या प्रतीत अक्षर वाईट आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

मी येत्या शुक्रवारपासून पर्वीनकडे राहायला जाते आहे. कायमची. तिची खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. तिच्या नवऱ्यासाठी न्हाणीघरात लावलेले धरायचे दांडे तसेच आहेत, जिना चढायला नको. माझे बरेचसे सामान ताटांखालून तिकडे गेलेच आहे.

मला कुणी घालवले नाही आणि मी रुसलेले नाही. वरदाने माझे चार वर्षं केले. तोंडाने वाजत केले, पण हाताने कधी कमी केले नाही. तोंड तर माझेही आहे. मीनलचा जीव माझ्यात आहे हेही मला ठाऊक आहे, म्हणून तर तिच्या घरी मला राहवत नाही. माझ्याकडे बघून तिचा चेहरा पडतो आणि तो मी पाडला असे वाटत राहते.

माझ्याविषयी तुम्ही दोघी बोलता, हरीश बोलतो, मी घसरल्यावर जिन्याची तपासणी करायला आलेली ती मुलगी बोलली. सगळे चांगलेच बोलता. मला कुणी विचारले नाही इतकेच. पलंग किती उंच हवा, एवढे विचारलेत.

पर्वीनला माझी गरज आहे. तिच्या बोटांनी एक देठ निघत नाही आणि तिच्या नवऱ्याच्या झाडाची फळं गेली तीन वर्षं पाखरांनी खाल्ली. पुढच्या वर्षीची फळं कशी वाळवायची ते आम्ही ठरवले आहे. ती मला गोळ्या घेतल्या का म्हणून विचारत नाही, कारण तिला ते मराठीत विचारता येत नाही. मी घेते. डबा बरोबर नेते आहे.

तिचा तवा वेगळा, माझा वेगळा. शुक्रवारी ती मटण करते. त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला येईन, वरदाला सोयीचे असेल तर. लोकांना काय सांगायचे असे हरीश विचारील. आई शेजारी राहते असे सांगावे. ते खरेच आहे.

माझ्याकडे यायचे झाल्यास आधी फोन करून यावे.

तुम्हा दोघींवर माझी माया आहे. ती आता जरा लांबून करीन म्हणते.
तुमची,
आई


पिनर,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मीनल,
स. न. वि. वि. तू रिकामी गाडी घेऊन परत गेलीस तेव्हापासून लिहायचं होतं. पण वेळ मिळाला आणि मग लिहायचं सुचेना. ही सवय नव्हती.

तुला सांगायचं राहिलं, ते पत्र माझ्यापर्यंत कसं आलं. पोस्टमनने दारातून टाकलं, आईंनी स्वतः पायपुसण्यावरून उचललं, टेबलावर माझ्यासमोर ठेवलं, आणि मी वाचेपर्यंत समोर बसून मटार सोलत होत्या. वाचून झाल्यावर मी वर पाहिलं तर म्हणाल्या, दोन वेळा पुरतील एवढे आहेत.

हरीश दोन दिवस स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. आपण काय कमी केलं, असं त्याने मला विचारलं. मी त्याला आठवून बघायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो आईंचा पलंग मोकळा करून पलीकडे घेऊन गेला आणि तिथे जोडून दिला. पर्वीनबाईंनी त्याला चहा दिला नाही, काम नीट झालंय का ते पलंग हलवून बघितलं. तो घरी आला तो जरा बरा वाटत होता.

मी पहिल्या शनिवारी साडेनवाला उठले. दुसऱ्या शनिवारी आठला. तिसऱ्या शनिवारी पुन्हा सहालाच जाग आली आणि करायला काही नव्हतं, म्हणून आईंना आवडतं तसं मुगाचं कढण केलं आणि घेऊन गेले. फोन न करता. पर्वीनबाईंनी दार अर्धं उघडलं, खूप गोड हसल्या आणि समजावलं की आई पूजेला बसल्या आहेत, अकरानंतर या. मी डबा हातात धरून पायरीवर उभी राहिले. दार लागल्यावर आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता, तेव्हा पूजा कितपत चालू होती ते देवाला ठाऊक. चार वर्षं मला दार लावून बसता यावं असं वाटत होतं, मीनल. त्यांनाही तसंच वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना कुठे जायचं असतं, असं वाटायचं.

म्हणून तू रडत गेलीस त्याबद्दल मी काही बोलले नाही तेव्हा.  मी दमलेली होतेच, वर ओशाळलेली. आता ओशाळणं थोडं कमी झालंय. दमणं तसंच आहे. ते कुणाला नेऊन सोडता येत नाही.

काल शुक्रवार. आई पहिल्यांदाच जेवायला आल्या. चावी त्यांच्याकडे अजून आहे, पण बेल वाजवून थांबल्या. मी हात पुसत जाऊन दार उघडलं. बाहेर त्या उभ्या, केस नीट विंचरलेले, नेसून आलेल्या पातळाला घडी होती. मी 'या' म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि बाहेरच्या खोलीत बसल्या, सोफ्याच्या कडेला, पाहुण्या बसतात तशा. मी पाणी आणून दिलं. चार वर्षांत त्यांना 'या' म्हणायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

नाताळात ये. राहायला माझ्याकडे, आईंना भेटायला वेळ मागून.

आपल्या दोघींचा लोभ आता आईवाचून चालवायचा आहे. बघू या कसा चालतो.
तुझी,
वरदा